पासबुकातल्या तेरा अनोळखी ओळी: एका खात्याचं प्रकरण

हे प्रकरण नमुन्याचं आहे. मुंबईतल्या बचत खात्यांबद्दल ज्या शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जातात, त्या एका खात्यात एकत्र आणून मांडल्या आहेत. खातेदार लालबागच्या एका चाळीतल्या 52 वर्षांच्या काकू. घरून डबे देतात. डब्यांचे पैसे महिन्याच्या 10 तारखेनंतर जमा होतात, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला खात्यात फारसं काही नसतं. बचत खातं शाखेत, एक डेबिट कार्ड, फोनवर यूपीआय. पासबुक दोन-तीन महिन्यांतून एकदा मशिनवर छापून आणायचं, अशी सवय.

मंगळवार, 8 जुलै 2025 रोजी दुपारी पासबुक छापलं आणि काकूंनी पुतण्याला बोलावलं. त्यांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या ओळी अशा होत्या:

7 मे, 2,000.00, एसीएच डी इंडियन क्लिअरिंग कॉर्प
9 मे, 2.00, यूपीआय, पुढे कुठल्याशा टेक्नॉलॉजीज कंपनीचं अर्धवट नाव
12 मे, 399.00, यूपीआय, तेच अर्धवट नाव
27 मे, 436.00, पीएमजेजेबीवाय
27 मे, 20.00, पीएमएसबीवाय
9 जून, 2,000.00, एसीएच डी इंडियन क्लिअरिंग कॉर्प
12 जून, 399.00, यूपीआय, पुन्हा तेच
14 जून, 1,860.00, इंडियाआयडियाज
30 जून, 17.70, एसएमएस सीएचजी
1 जुलै, 236.00, डीसी एएमसी
4 जुलै, 1,742.30, ईसीओएम आयएनटीएल, पुढे परदेशी नाव
7 जुलै, 71.96, आयएनटीएल मार्कअप
7 जुलै, 295.00, एसीएच आरटीएन सीएचजी

बेरीज ₹9,478.96. काकूंचं म्हणणं सरळ होतं, "नऊ हजार गेले रे, कार्डच बंद करून टाकूया." पुतण्या म्हणाला, "काकू, कार्ड बंद करूच, पण नऊ हजार गेले असं बँकेला सांगू नकोस. यातलं निम्म्याहून जास्त तुझंच आहे."

सगळ्या तेरा ओळींवर 'फ्रॉड' म्हणून तक्रार केली की नुकसान खातेदाराचंच होतं. बँकेला पहिल्याच ओळीवर खातेदाराच्या सहीचा मॅन्डेट, म्हणजे वजावटीची परवानगी, सापडतो आणि बाकीच्या ओळींकडेही ती संशयाने पाहायला लागते. खरी चोरी त्या ढिगात हरवते.

नावाआधी मार्ग वाचायचा

अनोळखी ओळ दिसली की सगळे आधी कंपनीचं नाव शोधतात. नाव हा त्या ओळीतला सगळ्यात बेभरवशाचा भाग. पैसे कुठल्या मार्गाने गेले ते ओळीच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून कळतं, आणि पैसे परत कोण देऊ शकेल, पुढची वजावट कोण थांबवू शकेल, हेही त्या मार्गावरच ठरतं. मार्ग ढोबळ चार: यूपीआय; कार्ड, म्हणजे पीओएस (दुकानातलं मशिन), ईसीओएम (ऑनलाइन), एसआय (कार्डावर लावलेली कायमची सूचना) वगैरे; मॅन्डेटवरची आपोआप वजावट, म्हणजे एसीएच किंवा नाच; आणि बँकेची स्वतःची वजावट. अक्षरं बँकेगणिक थोडी बदलतात, मार्ग हेच.

पासबुकाचा एक अडथळा आहे. मशिन एका ओळीत मावेल तेवढंच छापतं आणि बाकीचं कापतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे बँकेच्या ॲपमधून त्याच काळाचं पीडीएफ स्टेटमेंट काढणं. त्यात यूपीआयच्या ओळीत 12 अंकी संदर्भ क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि शेरा पूर्ण दिसतो. कार्डाच्या ओळीत कार्डाचे शेवटचे चार अंक दिसतात. घरात दोन कार्डं असतील तर कुठलं वापरलं गेलं, याचा उलगडा इथेच होतो.

बँकेच्या स्वतःच्या ओळी

या सर्वांत पटकन सुटतात. बँकेच्या सेवाशुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून रकमेला 1.18 ने भागायचं. 17.70 ला भागलं की बरोबर 15, 236 ला भागलं की 200, 295 ला भागलं की 250. भागाकार असा गोल आला, तर ते बहुधा बँकेचंच शुल्क. तिमाहीच्या शेवटी 15 रुपये एसएमएसचे, वर्षाचे 200 कार्डाचे. काही बँका जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवतात; तिथे दोन ओळींची बेरीज करून भागायचं.

295 ची ओळही बँकेचीच, पण ती का लागली ते पुढे येईल. तिच्याकडे 'बँकेचं शुल्क, सोडून द्या' म्हणून पाहिलं असतं, तर ते पैसे गेलेच होते.

436 आणि 20 या रकमा मे महिन्याच्या शेवटी दिसल्या की फार विचार करायला नको. पंतप्रधान जीवन ज्योती विमा आणि सुरक्षा विमा यांचे हे वार्षिक हप्ते. 1 जून 2022 पासून ते 330 आणि 12 वरून इतके झाले. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे, म्हणून वजावट मेअखेरीस. खातं उघडताना किंवा नंतर कधी शाखेत पुढे केलेल्या फॉर्मवर सही झालेली असते, आणि ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. नको असेल तर शाखेत लेखी देऊन बंद करता येतो. पण दोन्हींचं संरक्षण दोन-दोन लाखांचं आहे आणि जीवन ज्योतीत 50 वर्षांनंतर नव्याने शिरता येत नाही. 52 व्या वर्षी रागाच्या भरात तो बंद करायला लिहून देणं म्हणजे दार कायमचं लावून घेणं. काकूंनी दोन्ही चालू ठेवले.

नाव एकाचं, पैसे दुसऱ्याला

'इंडियन क्लिअरिंग कॉर्प' हे नाव वाचून घाबरणारे पुष्कळ. ही मुंबई शेअर बाजाराची क्लिअरिंग संस्था. म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, एजंटमार्फत किंवा एखाद्या ॲपवरून त्या बाजाराच्या यंत्रणेतून सुरू केली असेल, तर हप्ता आधी या संस्थेकडे जातो आणि तिथून फंडाकडे. ओळीत फंडाचं नावच येत नाही. पडताळा सोपा: एसआयपीची रक्कम आणि तारीख जुळवायची. काकूंची तारीख 7. मग जूनमध्ये 9 का? 7 जून शनिवार होता, म्हणजे शेअर बाजार बंद, आणि 8 ला रविवार. अशी तारीख सरकली की लोकांना 'हे वेगळंच काहीतरी' वाटतं. कॅलेंडर पाहिलं की मिटतं.

'इंडियाआयडियाज' हे बिलडेस्क या बिलभरणा कंपनीचं कागदोपत्री नाव. बँकेच्या ॲपमधून भरलेलं बिल पुष्कळदा या नावाने निघतं. 14 जूनचं लाइटबिल फोनमधल्या पावतीत सापडलं, रक्कम 1,860 च. ओळ निकालात.

हीच गंमत इतर नावांचीही. ओलाच्या प्रवासावर एएनआय टेक्नॉलॉजीज, रॅपिडोवर रोपेन, बुकमायशोच्या तिकिटावर बिगट्री, डी-मार्टवर अव्हेन्यू सुपरमार्ट्स. ऑनलाइन दुकान छोटं असेल तर दुकानाऐवजी रेझरपे, पेयू किंवा सीसीअव्हेन्यू अशा पैसे गोळा करणाऱ्या गेटवेचंच नाव येतं. अशा वेळी त्या दिवसाचे ईमेल आणि एसएमएस रकमेने शोधायचे. नावाने शोधलं तर काही हाती लागत नाही. बाजारातल्या क्यूआरचं तर विचारूच नका. कोळणीच्या टोपलीवरचा कोड तिच्या मुलाच्या नावावर, वडापावच्या गाडीवरचा मालकाच्या बायकोच्या नावावर. 'या माणसाला मी ओळखत नाही' ही तक्रार करण्याआधी त्या दिवशी दादरला गेलो होतो का, हे आठवून पाहावं.

दोन रुपयांपासून सुरू झालेली वजावट

9 मे रोजी ₹2, तीन दिवसांनी ₹399, महिन्याने पुन्हा ₹399. हा आकृतिबंध ओळखीचा आहे: आधी नाममात्र रकमेची 'ट्रायल', मग पूर्ण रक्कम. काकूंच्या मुलीने फोनवर फोटो सजवण्याचं एक ॲप घेतलं होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत '2 रुपये' होते आणि खाली बारीक अक्षरांत दरमहा ₹399. तिने पिन टाकला. त्या पिनने दोन रुपये गेले आणि त्याच पिनने यूपीआय ऑटोपेचा मॅन्डेटही मंजूर झाला. दोन दिवसांत कंटाळून तिने ॲप काढून टाकलं.

ॲप काढल्याने मॅन्डेट मरत नाही. तो बँक आणि यूपीआय यांच्यात नोंदवलेला असतो. फोनवर ते ॲप आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

'पण पिन न टाकता पैसे गेलेच कसे?' रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट नियमांनुसार पहिल्या मंजुरीला पिन किंवा ओटीपी लागतो, पुढच्या हप्त्यांना ₹15,000 पर्यंत लागत नाही. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा ₹1 लाख आहे. त्याऐवजी वजावटीच्या किमान 24 तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे. तशी सूचना 11 मे आणि 11 जूनला आलीही होती, पण जाहिरातींच्या एसएमएसमध्ये बुडालेली. ₹2 चा एसएमएस मात्र सापडला नाही. छोट्या यूपीआय व्यवहारांचे एसएमएस काही बँका पाठवतच नाहीत. त्यामुळे ट्रायलची पहिली खूण पासबुकातच उमटते.

आता हा मॅन्डेट बंद कुठे करायचा? काकू हल्ली फोनपे वापरतात. फोनपेच्या ऑटोपे यादीत काहीच नव्हतं. उत्तर 399 च्या एसएमएसमधल्या मॅन्डेट क्रमांकाच्या शेपटीत होतं: '@ओकेएक्सिस'. 'ओके'ने सुरू होणाऱ्या शेपट्या, म्हणजे ओकेएक्सिस, ओकेएचडीएफसीबँक, ओकेआयसीआयसीआय, ओकेएसबीआय, या गूगल पेच्या. वायबीएल, आयबीएल, एएक्सएल या फोनपेच्या. 'पीटी'ने सुरू होणाऱ्या पेटीएमच्या, आणि नुसतं 'यूपीआय' असेल तर भीमची. मॅन्डेट मेमध्ये गूगल पेवर झाला होता आणि नंतर ते ॲपही फोनवरून गेलं होतं.

मार्ग असा: त्याच सिमवर गूगल पे पुन्हा घ्यायचं, तेच बँक खातं जोडायचं, प्रोफाइलवर जाऊन ऑटोपे उघडायचं. चालू मॅन्डेट तिथे दिसतो. तो रद्द करायचा आणि यूपीआय पिन टाकायचा. मॅन्डेट रद्द करायला पिन लागतो, ते ठीक आहे. 'पैसे परत मिळवायला पिन टाका' असं कोणी सांगितलं तर ते मात्र ठीक नाही. परतावा घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'विराम' आणि 'रद्द' हे दोन पर्याय शेजारी असतात. विराम दिलेला मॅन्डेट मुदत संपली की पुन्हा जागा होतो, म्हणून रद्दच करायचं आणि रद्द झाल्याचा एसएमएस जपून ठेवायचा. ॲपमधून जमलंच नाही तर बँकेकडे मॅन्डेट क्रमांक देऊन लेखी मागणी करायची.

पुढची वजावट 12 जुलैला होती, म्हणजे सूचना 11 ला. 8 तारखेलाच हे उरकल्याने तिसरा हप्ता वाचला. 1 ऑगस्ट 2025 पासून ऑटोपेची वजावट कमी गर्दीच्या वेळीच होते: सकाळी 10 च्या आधी, दुपारी 1 ते 5 आणि रात्री साडेनऊनंतर. पैसे नसले तर आणखी तीन प्रयत्न होतात. खातं रिकामं ठेवून ऑटोपे चुकवायचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सकाळी निसटलेली वजावट दुपारी लागू शकते.

गेलेल्या ₹798 चं काय? ही फसवणूक वाटते, पण बँकेच्या लेखी हा 'अनधिकृत व्यवहार' नाही, कारण मंजुरीचा पिन घरच्याच माणसाने टाकला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा बँकेत 'माझ्या नकळत गेले' असं सांगणं खोटं ठरेल. योग्य जागा आधी त्या ॲपची कंपनी. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यांच्या रचनेविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्गणीचा सापळा हा प्रकार नावानिशी आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख करावा आणि बारीक अक्षरांच्या पडद्याचा स्क्रीनशॉट जोडावा. काकूंना कंपनीने दुसऱ्या महिन्याचे ₹399 परत केले, पहिल्याचे नाही. बहुतेकदा एवढंच हाती लागतं.

खरी चोरी

उरली 4 जुलैची 1,742.30. मार्ग कार्डाचा, ऑनलाइन आणि परदेशी. त्या दिवशीच्या दराने भागून पाहिलं तर 15 पौंडांच्या आतबाहेर. हा भागाकार करून पाहण्यासारखा असतो, कारण 9.99 किंवा 20 डॉलर अशी वर्गणीची ठरीव किंमत निघाली तर घरातल्याच कोणाची तरी ती असू शकते. इथे मुलाला विचारलं, मुलीला विचारलं, दोघांचे ईमेल पाहिले. पौंडात पैसे घेणारं घरात कोणी काही घेतलेलं नव्हतं.

"काकू, शुक्रवारी रात्री कोणाचा फोन आला होता का? ओटीपी सांगितलास का कोणाला?"

"नाही रे. फोन नाही नि ओटीपीही नाही. मी तर साडेदहालाच झोपले."

व्यवहार रात्री 11:40 चा. ओटीपी न येणं हेच इथे महत्त्वाचं आहे. भारतातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी लागते. परदेशी वेबसाइटला ती मागण्याची सक्ती नसते. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक हाती लागले की काम होतं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2020 पासून परदेशी वापर वेगळा चालू-बंद करण्याची सोय द्यायला लावली. काकूंच्या कार्डावर तो चालू होता. मुलाच्या परदेशी परीक्षेची फी भरताना मार्चमध्ये उघडलेला, मग तसाच राहिलेला. तपशील कुठून फुटला ते अशा प्रकरणांत क्वचितच कळतं, आणि तक्रारीसाठी ते कळण्याची गरजही नाही. खातेदार जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

तीन दिवस, आणि लहान रकमेचा फास

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने खातेदाराची जबाबदारी ठरवून दिली. चूक ना बँकेची ना खातेदाराची, तिसरीकडेच काहीतरी फुटलं, असं असेल तर सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की खातेदाराची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर जबाबदारी मर्यादित. साध्या बचत खात्याला ती ₹10,000 पर्यंत. सातच्या पुढे बँकेचं धोरण सांगेल ते. सहकारी बँकांसाठी असेच नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले.

'₹10,000 पर्यंत' वाचून माणूस निर्धास्त होतो, आणि इथेच फसतो. नियम असा की व्यवहाराची रक्कम किंवा ₹10,000, यांतला जो आकडा कमी तेवढी जबाबदारी. चोरी ₹60,000 ची असती तर उशीर करूनही ₹50,000 वाचले असते. चोरी ₹1,742 ची असेल, तर चौथ्या दिवशी सगळेच्या सगळे खातेदाराच्या अंगावर पडू शकतात. रक्कम जितकी लहान, तितकी तीन दिवसांची मुदत कडक.

मोजणी बारकाईने करायची. एसएमएस आला तो दिवस धरायचा नाही, आणि आपल्या शाखेचे कामकाजाचे दिवस मोजायचे. एसएमएस शुक्रवारी 4 तारखेला रात्री. शनिवार 5, महिन्याचा पहिला शनिवार, बँक चालू: एक. रविवार सुट्टी. सोमवार 7: दोन. मंगळवार 8: तीन. पासबुक छापलं त्याच दिवशी मुदत संपत होती. दुसरा किंवा चौथा शनिवार असता तर आणखी एक दिवस मिळाला असता.

म्हणून क्रम असा ठेवला. बाकीच्या बारा ओळींची चर्चा अर्धवट टाकून आधी बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक केलं. मग कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन. क्रमांक गूगलवर शोधायचा नाही. तिथे बँकेच्या नावाने भामट्यांचे क्रमांक पेरलेले असतात, आणि घाबरलेला माणूस हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. फोनवर तक्रार क्रमांक घेतला, वेळ टिपली 3:25. लगेच 1930 वर फोन करून सायबर तक्रार नोंदवली. ती सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही होते. नंतर शाखेच्या ईमेलवर हा मजकूर:

'माझ्या बचत खात्याशी जोडलेल्या, शेवटचे अंक अमुक असलेल्या डेबिट कार्डावर 4 जुलै 2025 रोजी रात्री 11:40 वाजता ₹1,742.30 चा परदेशी ऑनलाइन व्यवहार झाला आहे. तो मी केलेला नाही व कोणालाही करू दिलेला नाही. मला कोणताही ओटीपी आला नाही व मी कार्डाचा तपशील कोणाला दिलेला नाही. कार्ड माझ्याजवळच आहे. 8 जुलै रोजी दुपारी 3:25 वाजता फोनवर तक्रार क्रमांक अमुक नोंदवला आहे. या व्यवहारामुळे लागलेले ₹71.96 मार्कअप व ₹295 परतीचे शुल्क हेही परत मिळावेत, ही विनंती.'

एवढं पुरतं. 'बहुतेक', 'असेल कदाचित', 'मुलाने कुठेतरी टाकलं असेल' असले अंदाज लिहायचे नाहीत आणि फोनवरही बोलायचे नाहीत. त्या एका वाक्यावर बँक खातेदाराचा निष्काळजीपणा ठरवू शकते. अर्थात ओटीपी खरोखर दिला असेल तर ते लपवायचंही नाही. तेव्हा कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असा नियम आहे.

मागे लागलेल्या दोन ओळी

71.96 कशाचे? परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँक मार्कअप, म्हणजे टक्केवारीने जादा शुल्क, घेते. या कार्डावर तो 3.5 टक्के: 1,742.30 चे 60.98, त्यावर 18 टक्के जीएसटी 10.98, मिळून 71.96. ही ओळ दोन-तीन दिवसांनी वेगळी पडते, त्यामुळे मूळ व्यवहाराची तक्रार करणारे तिला विसरतात. मूळ पैसे परत येतात, मार्कअप राहून जातो.

295 ची गोष्ट त्याहून आडवळणाची. 4 जुलैला संध्याकाळी खात्यात ₹3,610 होते. चोरीनंतर उरले 1,867.70. सोमवारी 7 तारखेला एसआयपीचे 2,000 मागायला आले आणि 132 रुपये कमी पडले. हप्ता परत गेला, बँकेने 250 अधिक जीएसटी लावला. शाखेतलं पहिलं उत्तर होतं, 'खात्यात पैसे ठेवायची जबाबदारी तुमची, हे शुल्क मागे घेता येत नाही.'

त्यावर मुद्दा त्याच 2017 च्या परिपत्रकातला. परत जमा होणारी रक्कम चोरीच्या दिवसाच्या मूल्यतारखेने जमा करायची असते. म्हणजे हिशेबापुरतं 4 जुलैला पैसे खात्यातून गेलेच नाहीत. मग 7 जुलैला शिल्लक 3,610 धरायला हवी, आणि त्या शिलकेवर 2,000 चा हप्ता परत जायला कारणच नव्हतं. एवढं दोन ओळींत लिहून शाखाधिकाऱ्यांना दिल्यावर 295 परत मिळाले. परिपत्रकात अशा शुल्काचा थेट उल्लेख नाही, त्यामुळे प्रत्येक शाखा मान्य करेलच असं नाही. मागितल्याशिवाय मात्र कोणीच देत नाही. एसआयपीचं सांगायचं तर एक हप्ता चुकल्याने ती बंद पडत नाही, मासिक एसआयपीत सलग तीन चुकले की पडते. कर्जाच्या हप्त्याचा मॅन्डेट असता तर प्रकरण जड गेलं असतं. तो परत जाणं पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली धनादेश न वटण्यासारखं धरलं जातं, म्हणून तिथे त्याच दिवशी दुसरीकडून पैसे भरून टाकायचे.

पुढचा हिशेब

कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने तात्पुरती रक्कम जमा दाखवायची असते. बँकेच्या स्वतःच्या विम्याच्या दाव्याची वाट पाहण्याचं कारण चालत नाही. 12 जुलैचा दुसरा शनिवार आणि रविवार वगळून ही मुदत 21 जुलैला येत होती. 18 तारखेला 1,742.30 आले, पण त्यावर 'होल्ड' होता: शिलकेत दिसतात, काढता येत नाहीत. चौकशी चालू असताना असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. मार्कअप आला नव्हता. ईमेलची आठवण करून दिल्यावर चार दिवसांनी तोही आला.

मधल्या काळात बँकेने सहीचा वादग्रस्त व्यवहाराचा फॉर्म मागितला. तो दिला नाही तर कार्ड कंपनीकडचा चार्जबॅक, म्हणजे दुकानदाराकडून पैसे परत मागण्याची प्रक्रिया, अडतो आणि तक्रार 'ग्राहकाने कागदपत्रं दिली नाहीत' म्हणून बंद होते. फॉर्मची पोच घ्यायची. अंतिम निकालाला 90 दिवस, म्हणजे 6 ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबरमध्ये होल्ड उठला. तसं झालं नसतं, किंवा 30 दिवसांत बँकेचं उत्तरच आलं नसतं किंवा पटलं नसतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. नुसता फोन केला होता म्हटलं तर अर्ज परत येतो.

नवं कार्ड आलं तेव्हा परदेशी वापर बंदच ठेवला, ऑनलाइन मर्यादा ₹5,000 केली. पासबुकाची छपाई चालू आहे, पण दर शनिवारी मुलगी ॲपमध्ये आठवड्याच्या ओळी वाचून दाखवते. जुनं कार्ड ब्लॉक झाल्याने यूपीआयला धक्का लागला नाही, कारण ते खात्याशी जोडलेलं असतं. एसआयपीचा मॅन्डेटही खात्यावरच. कार्डावर होती ती आपोआप वजावटीची एकच सूचना, मुलाच्या क्लाउड स्टोरेजच्या दरमहा ₹130 ची. ती ऑगस्टमध्ये फसली आणि नव्या कार्डावर ओटीपी टाकून पुन्हा लावावी लागली.